ब्रेक दाब

तोकोपियाहून वर चढणाऱ्या रस्त्यावर,
तांब्याचे ट्रक जिथे दम खातात,
एदुविना मामानीची खानावळ आहे. चार टेबलं,
सूपचं एक पातेलं, आणि एक नियम:
पैसे चुकते केलेस तरी निघायचं नाही
ती तुझ्या गाडीमागे जाऊन उभी राहीपर्यंत.

"ब्रेक दाब!" ती ओरडते. मी दाबतो.
"सोड. आता डावा. आता उजवा."
मग एप्रनच्या टोकानं काच पुसते.
धूळच असते, खारट. चिखल इथे कुणाला ठाऊक नाही,
मी पाऊस पहिल्यांदा पाहिला तो सव्विसाव्या वर्षी,
तोही दुसऱ्या देशात.

आधी राग यायचा मला.
एकवीस वर्षं चालवतोय बाई, तू काय माझी आई आहेस?
ती म्हणाली, "पुढचे दिवे तुझे, तुझ्या कामाचे.
मागचे तुझे नाहीतच.
फक्त तुझ्या गाडीला लावलेत."

रात्री समुद्रातून कामानचाका वर येतं.
ओलं धुकं, थेंबाचा मात्र कंजूष.
हात लांब केला तर मनगटापर्यंतच आपला.
अशा एका रात्री दोन लाल ठिपक्यांमागे
अठ्ठेचाळीस किलोमीटर गेलो मी.
ते भडकले की पाय उचलला,
ते कलले की कललो.
कोण होता, कुठला, प्यायलेला तर नव्हता ना,
काही माहीत नाही.
पहाटे खाणीच्या फाट्याला वळून गेला.
मी हॉर्न दिला.
त्याला वाटलं असेल, आपलं काय चुकलं?

खानावळीच्या मागच्या बाजूला
निबाल्दो बटाटे सोलत बसतो. एदुविनाचा नवरा.
तोही चालवायचा.
त्या सकाळी त्यानं पाहिलं होतं, मागचे दोन्ही बंद.
तार तुटली असेल. कलामाला पोचलो की बघू.
रात्री अकराला, चढावर,
त्याला फक्त दार आपटल्यासारखा आवाज आला.
त्याची कॉफीसुद्धा सांडली नाही.
मागच्या पिकअपमध्ये येर्को होता, तेविशीचा.
त्याला अगदी शेवटपर्यंत
रस्ता रिकामाच दिसत होता.

वळणावर आता गुडघ्याएवढं घर आहे त्याचं, पत्र्याचं.
नंबरप्लेट, प्लास्टिकची फुलं,
तहानेल्या जिवासाठी पाण्याच्या बाटल्या.
जाणारा प्रत्येक ट्रक तिथे एकदा हॉर्न देतो.
निबाल्दो आत बसून मोजतो म्हणतात.
मी विचारलं नाही.

येर्कोची आई दर ऑगस्टात येते, ल्युबित्सा.
पांढरी जुनी गाडी, मान स्टिअरिंगच्या जरा वर.
खानावळीकडे कधी बघत नसे.
यंदा थांबली.
चहा मागितला, साखर नको म्हणाली.
एदुविना पातेल्यात डाव फिरवत राहिली,
ढवळण्यासारखं आत काही उरलं नव्हतं तरी.

बाई उठली. गाडीत बसली.
एदुविना जागची हलली नाही.
बाहेर आला तो निबाल्दो,
हाताला बटाट्याचं पांढरं, सोलायची सुरी तशीच.
गाडीमागे गेला.
"ब्रेक दाबा, सेन्योरा."

डावा लागला नाही.
सुरीच्या टोकानंच त्यानं स्क्रू काढले.
खिशातून बल्ब निघाला. (खिशात बल्ब ठेवतो हा माणूस!)
पहिल्यांदा हातातून निसटला, वाळूत पडला, फुटला नाही.
"आता दाबा."

तिनं आरशात पाहिलं.
दिवा तिला दिसणार नव्हताच,
दिसला फक्त त्याचा चेहरा,
लाल झालेला.
तिनं पाय काढला नाही. बराच वेळ.

मग गेली.
धुकं खालून चढतच होतं.
तो रस्त्याकडेला उभा. "दोन," म्हणाला, स्वतःशीच.
थोड्या वेळानं पुन्हा, "दोन."
मग काही म्हणाला नाही.

आतून एदुविना ओरडली, सूप निवतंय.
कुणाचं, ते तिनं सांगितलं नाही.